एका गीताचे अनेक धनी

शाळेच्या प्रार्थनेच्या वेळी, स्नेहसंमेलनात किंवा स्वातंत्र्यदिनाच्या समारंभात 'हम होंगे कामयाब' हे गीत कधी कानी पडले नाही, असे घर महाराष्ट्राच्या शहरांत क्वचितच आढळेल. मुले ते हौसेने म्हणतात, पाहुणे टाळ्या वाजवितात आणि पुढे बक्षीससमारंभास प्रारंभ होतो. हे गीत मूळचे हिंदी नव्हे. 'वुई शॅल ओव्हरकम' या अमेरिकन गीताचे गिरिजाकुमार माथुर यांनी केलेले ते भाषांतर आहे, ही गोष्टही पुष्कळांस ठाऊक असते. परंतु ज्यांनी ते मूळ गीत घडविले त्यांच्यासमोर बक्षिसे मांडलेली नव्हती. त्यांच्यासमोर कारखान्याची फाटके होती, पोलिसांच्या लाठ्या होत्या आणि कित्येकदा तुरुंगाचे दार होते. तेथून निघालेले गाणे शाळेच्या व्यासपीठापर्यंत कसे आले, आणि वाटेत त्याने काय मिळविले व काय गमावले, हे पाहण्यासारखे आहे.

प्रारंभ व्याकरणापासून करणे सोयीचे. इंग्रजीतील 'ओव्हरकम' हे क्रियापद सामान्यतः सकर्मक आहे. मनुष्य संकटावर मात करतो, शत्रूवर मात करतो, मोहावर मात करतो. कशावर तरी मात करावयाची असते. या गीतात मात्र ते 'कशावर' हे सांगितलेलेच नाही. हा प्रयोग अगदी नवा होता असे नव्हे. १६११ साली प्रसिद्ध झालेल्या बायबलच्या इंग्रजी भाषांतरात, अखेरच्या प्रकटीकरणाच्या पुस्तकात, हे क्रियापद असेच कर्मावाचून आलेले आहे. परंतु गाण्यात ही जागा रिकामी राहिल्यामुळे एक मोठी सोय झाली. ज्याने ज्याने हे गीत म्हटले त्याने ती जागा आपल्या अनुभवाने भरली, आणि भरता भरता शब्दांत, चालीत किंवा ठेक्यात थोडासा फेर केला. या गीताचा इतिहास म्हणजे बहुतांशी या फेरबदलांचाच इतिहास होय.

त्याच्या शब्दांचे एक मूळ फिलाडेल्फिया शहरातील एका चर्चमध्ये सापडते. चार्ल्स आल्बर्ट टिंडले हे तेथील कृष्णवर्णीय धर्मोपदेशक. त्यांचे वडील गुलाम होते. टिंडले स्वतःच्या प्रयत्नाने लिहावाचावयास शिकले आणि ज्या चर्चमध्ये त्यांनी एके काळी झाडलोट केली त्याच चर्चचे पुढे ते मुख्य उपदेशक झाले. १९०१ च्या सुमारास त्यांनी एक उपासना-गीत प्रसिद्ध केले. त्याचा आशय असा की, जगाच्या रणांगणावर लढणारा भक्त कधी ना कधी विजयी होईल. या गीतात 'मी' आहे, 'आम्ही' नाही. आणि मात करावयाची ती मोहावर व दुःखावर. त्याची चालही आजच्या चालीहून निराळी आहे. आजची चाल गुलामगिरीच्या काळापासून तोंडोतोंडी चालत आलेल्या भक्तिगीतांशी जवळचे नाते सांगते. जात्यावरच्या ओवीची कर्ती जशी सांगता येत नाही, तसाच त्या गीतांचाही कर्ता सांगता येत नाही.

'मी' चा 'आम्ही' कधी झाला? खाणमजुरांच्या संघाचे एक मुखपत्र अमेरिकेत निघत असे. १९०९ च्या फेब्रुवारीत त्यात छापलेल्या एका पत्रात, आदल्या वर्षीच्या संपात प्रत्येक सभेच्या आरंभी 'आम्ही' या शब्दाने सुरू होणारे हे 'जुने चांगले गाणे' म्हटले जाई, असा उल्लेख आहे. म्हणजे कोळशाच्या खाणींत हा बदल तेव्हाच झालेला होता. तथापि आज जे गीत जगास माहीत आहे त्याचा धागा निश्चितपणे पकडता येतो तो १९४५ साली, दक्षिण कॅरोलिना संस्थानातील चार्ल्सटन या बंदराच्या शहरी.

तेथे अमेरिकन टोबॅको कंपनीचा चिरुटांचा कारखाना होता. कामगारांत कृष्णवर्णीय स्त्रियांचा भरणा मोठा होता. वेतन तुटपुंजे, आणि वर्णभेदामुळे वाट्यास येणारी अपमानास्पद वागणूक नित्याची. ऑक्टोबर १९४५ मध्ये संप सुरू झाला आणि तो पुढच्या वर्षीच्या वसंत ऋतूपर्यंत चालला. हिवाळ्याच्या थंडीपावसात संपवाल्या स्त्रिया फाटकाशी पिकेटिंग करीत उभ्या राहत. दिवस संपताना ल्युसिल सिमन्स नावाची कामगार स्त्री हे गीत म्हणावयास सुरुवात करी. ती ते अतिशय संथ लयीत, एकेक अक्षर लांबवीत म्हणे, असे तिच्या सोबतिणींनी पुढे सांगितले आहे. संप फोडण्याचे प्रयत्न चालू होते, काहीजणी कामावर परतही जात होत्या. अशा वेळी 'मी तरून जाईन' असे म्हणण्यात अर्थ नव्हता. एकटीने तरून जाणे याचाच अर्थ संप फुटणे. म्हणून तेथे 'आम्ही' हा शब्द केवळ भावनेचा राहिला नाही. तो व्यवहाराचा झाला.

चार्ल्सटनचे गाणे पुढे गेले ते टेनेसी संस्थानातील मॉन्टीगल येथील हायलँडर फोक स्कूल या संस्थेमुळे. १९३२ साली माइल्स हॉर्टन आणि त्यांचे सहकारी यांनी डोंगराळ प्रदेशात ही शाळा काढली. येथे प्रौढ कामगार व शेतकरी शिकावयास येत आणि गोरे व काळे एका पंगतीस बसत. दक्षिणेतील त्या काळच्या वर्णभेदाच्या कायद्यांपुढे ही एक पंगतच मोठे बंड होती. माँटगोमेरीच्या बसमध्ये जागा सोडण्यास डिसेंबर १९५५ मध्ये नकार देणाऱ्या रोझा पार्क्स त्याच वर्षी उन्हाळ्यात या शाळेत राहून गेल्या होत्या. हॉर्टन यांच्या पत्नी झिल्फिया तेथे संगीत शिकवीत. संपात भाग घेतलेल्या काही स्त्रिया १९४६ मध्ये शाळेत आल्या, तेव्हा त्यांच्याकडून झिल्फियाबाईंनी हे गीत उचलले आणि पुढे येणाऱ्या प्रत्येक वर्गास ते शिकविले.

त्यांच्याकडून ते बँजो वाजविणारे लोकगायक पीट सीगर यांच्याकडे गेले. सीगर यांनी १९४८ साली लोकगीतांच्या एका पत्रिकेत ते छापले. मूळ 'विल' या शब्दाच्या जागी 'शॅल' आला तो याच सुमारास. हा बदल आपण केला असावा, कदाचित सेप्टिमा क्लार्क या शिक्षिकेने केला असेल, असे सीगर मोकळेपणाने सांगत. त्यांचे म्हणणे असे की, 'शॅल' म्हणताना तोंड अधिक उघडते आणि समूहास तो स्वर धरणे सोपे जाते. येथे गायकाचा कान दिसतो. एकट्या गळ्यास चालेल तो स्वर हजार गळ्यांस चालतोच असे नाही. १९५७ साली हायलँडर शाळेच्या पंचविसाव्या वाढदिवशी सीगर यांनी हे गीत म्हटले, तेव्हा श्रोत्यांत तरुण धर्मोपदेशक मार्टिन ल्यूथर किंग होते. परत जाताना मोटारीत ते गीत त्यांच्या मनातून जाईना, असे सोबतच्या ॲन ब्रेडन यांनी नमूद केले आहे.

गीतातील सर्वांत धीट कडवे मात्र कोणा नामांकित गायकाने जोडलेले नाही. ३१ जुलै १९५९ च्या रात्री पोलिसांनी हायलँडर शाळेवर छापा घातला. दिवे गेले. पोलीस हातांत विजेऱ्या घेऊन खोल्याखोल्यांतून झडती घेऊ लागले. माँटगोमेरीहून आलेली काही कृष्णवर्णीय मुले अंधारात बसून होती. त्यांपैकी जमिला जोन्स ही चौदा वर्षांची मुलगी. मुलांनी हळूहळू हे गीत म्हणावयास प्रारंभ केला, आणि जमिलाने त्यात 'आम्हांस भय नाही' अशा आशयाचे एक नवे कडवे घातले. आपले गाणे ऐकून समोरच्या सशस्त्र शिपायाचाच हात कापू लागला, असे तिने पुढे अनेकदा सांगितले आहे. भय वाटत असतानाच भय नाही असे म्हणणे, यात खोटेपणा नसतो, निर्धार असतो. त्या रात्री सेप्टिमा क्लार्क आणि गायक गाय कॅरावान यांस अटक झाली. १९६१ मध्ये संस्थानच्या सरकारने शाळाच बंद केली. संस्थापकांनी नव्या नावाने ती पुन्हा उभी केली. कडवे तर कोणासच बंद करता आले नाही.

कॅरावान यांच्याकडे पुढील दुवा जातो. एप्रिल १९६० मध्ये उत्तर कॅरोलिनातील रॉली येथे विद्यार्थ्यांची परिषद भरली. केवळ गोऱ्यांसाठी राखलेल्या उपाहारगृहांत जाऊन शांतपणे बसून राहण्याचा सत्याग्रह ज्यांनी त्या वर्षी फेब्रुवारीपासून चालविला होता, ते हे विद्यार्थी. कॅरावान यांनी गिटारवर हे गीत म्हटले. विद्यार्थी उभे राहिले, एकमेकांचे हात धरून गाऊ लागले. परंतु त्यांनी गीत होते तसे ठेवले नाही. गोऱ्या लोकगायकांच्या तोंडी ते काहीसे सरळ व चटपटीत झाले होते. विद्यार्थ्यांनी त्यास आपल्या चर्चमधील संथ, डोलणारा ठेका परत दिला, वरच्या व खालच्या स्वरांची जोड दिली. जॉर्जिया संस्थानातील ऑल्बनी येथील चळवळीत बर्निस जॉन्सन रेगन यांच्यासारख्या चर्चच्या संगीतात वाढलेल्या गायिका पुढे आल्या. ज्यांचे गाणे होते त्यांनी ते फिरून आपल्या ताब्यात घेतले. आज जगभर ऐकू येते ते हेच रूप.

२८ ऑगस्ट १९६३ रोजी वॉशिंग्टन येथे सुमारे अडीच लक्ष लोकांचा मेळावा भरला. बावीस वर्षांच्या जोन बाएझने तेथे हे गीत म्हटले. त्याच वर्षी ८ जून रोजी न्यूयॉर्कच्या कार्नेगी हॉलमध्ये सीगर यांची मैफल झाली होती. तिच्या ध्वनिमुद्रिकेस या गीताचेच नाव दिले गेले. पुढे कित्येक गायकांनी ते मुद्रित केले. २००६ साली ब्रूस स्प्रिंगस्टीन यांनी सीगर यांच्यामुळे प्रसिद्ध झालेल्या गीतांचा जो संग्रह काढला त्याचेही नाव हेच आहे. या तबकड्यांत उत्तम गळे आहेत, उत्तम साथ आहे. तथापि एक भेद उरतोच. तबकडीतले गीत एकजण गातो व इतर ऐकतात. मोर्चातले गीत ऐकण्यास कोणी शिल्लकच राहत नाही. सीगर यांना हे पक्के ठाऊक होते. म्हणून रंगमंचावर असतानाही ते पुढची ओळ आधी सांगून श्रोत्यांकडून गाऊन घेत.

गीत यशस्वी झाले की त्यास नवी संकटे येतात. ७ मार्च १९६५ रोजी अलाबामातील सेल्मा येथे मतदानाचा हक्क मागणाऱ्या मोर्चावर पोलिसांनी निर्दय हल्ला केला. आठ दिवसांनी अध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी काँग्रेसपुढे भाषण केले आणि त्यात या गीताचे शब्द स्वतःच्या तोंडाने उच्चारले. ते ऐकून किंग यांच्या डोळ्यांस पाणी आले, असे त्यांच्या सहकाऱ्यांनी सांगितले आहे. त्याच वर्षी मताधिकाराचा कायदाही झाला. परंतु विद्यार्थ्यांच्या संघटनेतील जेम्स फोर्मन यांस वाटले की, अध्यक्षांनी एक चांगले गाणे बिघडवून टाकले. दोन्ही प्रतिक्रिया खऱ्या आहेत. सत्ताधाऱ्यास आपले शब्द उच्चारावे लागणे हा विजयच. परंतु दंडुका ज्याच्या हाती त्याच्याच तोंडी गीत आले म्हणजे मात कशावर करावयाची, हा प्रश्न धूसर होतो. पुढील एकदोन वर्षांत चळवळीतील अनेक तरुणांनी हे गीत म्हणणे सोडले. 'कधी ना कधी' या शब्दांची त्यांस चीड येऊ लागली होती; त्यांना 'आज' हवे होते.

दरम्यान गीत समुद्र ओलांडून गेले होते. १९६८ पासून उत्तर आयर्लंडमधील कॅथलिक अल्पसंख्याकांच्या नागरी हक्कांच्या मोर्चांत ते गाजले. आपल्या देशात बंगालीमध्ये त्याची दोन रूपे झाली. हेमांग विश्वास यांनी केलेले शब्दशः भाषांतर भूपेन हजारिका यांनीही गायिले. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात शिकलेल्या हजारिका यांनी असमियातही ते आणले. दुसरे रूप शिवदास बंद्योपाध्याय यांचे. त्यात सूर्योदयाची प्रतिमा आहे. १९७१ च्या बांगलादेश मुक्तिसंग्रामाच्या वेळी रूमा गुहठाकुरता यांच्या कलकत्ता यूथ कॉयरने ते मुद्रित केले. तेथे त्या रिकाम्या जागेत काय भरावयाचे, हे सांगावे लागले नाही.

हिंदी रूपाची गोष्ट थोडी निराळी आहे. 'कामयाब' हा शब्द फारसी. 'काम' म्हणजे इच्छा आणि 'याब' म्हणजे प्राप्त करणारा; ज्याची इच्छा सफळ झाली तो कामयाब. शब्द गोड आहे, चालीत चपखल बसतो. मात्र मूळ क्रियापदात समोर कोणीतरी उभा असल्याची जी जाणीव होती ती यात राहत नाही. मात करावयाची ती कोणावर तरी करावी लागते. यशस्वी एकट्यानेही होता येते. मोर्चांतून आणि संपांतून हे हिंदी गीत पुष्कळदा म्हटले गेले आहे, आणि तेथे ते पूर्ण अर्थाने जिवंत होते. परंतु शाळांतून ते घरोघर पोहोचले तेव्हा ती रिकामी जागा परीक्षेने, स्पर्धेने आणि सर्वसाधारण शुभेच्छेने भरून गेली. १९८३ च्या 'जाने भी दो यारो' या चित्रपटात कुंदन शाह यांनी याच गोष्टीवर बोट ठेवले. भ्रष्टाचार उघडकीस आणू पाहणारे दोन सरळ मनाचे छायाचित्रकार हे गाणे मोठ्या आशेने गुणगुणत असतात. अखेरीस निरपराध असून तेच कैद्याच्या वेषात मुंबईच्या रस्त्यावरून चालताना दिसतात, आणि पाठीमागे हेच गाणे वाजत राहते. प्रेक्षक हसता हसता गप्प होतो. चित्रपटाने गीताची थट्टा केलेली नाही. गीत उच्चारले म्हणजे काम झाले, असे समजणाऱ्यांची केली आहे.

गीताचा धनी कोण, हा वाद शेवटी न्यायालयातही गेला. १९६० व १९६३ मध्ये सीगर, कॅरावान, फ्रँक हॅमिल्टन आणि दिवंगत झिल्फिया हॉर्टन यांच्या नावे कॉपीराइट नोंदविण्यात आला होता. हेतू असा की, कोणा व्यापाऱ्याने गीत बळकावून त्याचा बाजार मांडू नये. मिळणारे उत्पन्न एका निधीत जाई, आणि त्यातून दक्षिणेतील कृष्णवर्णीय समाजाच्या कार्यास साहाय्य मिळे. हेतू चांगला होता. परंतु चार्ल्सटनच्या फाटकाशी गाणाऱ्या स्त्रियांची नावे त्या नोंदीत नव्हती, हेही खरे. २०१६ साली न्यूयॉर्कच्या न्यायालयात या हक्कास आव्हान देण्यात आले. सप्टेंबर २०१७ मध्ये न्यायाधीशांनी निर्णय दिला की, पहिल्या कडव्यात 'विल' चा 'शॅल' करण्यासारखे जे फेर झाले ते इतके किरकोळ आहेत की त्यांवर स्वामित्व सांगता येणार नाही. जानेवारी २०१८ मध्ये तडजोड झाली आणि गीत सर्वांस मोकळे झाले.

कायद्याच्या दृष्टीने निर्णय रास्त होता. तरीही या गीताचे सारे सामर्थ्य अशा किरकोळ फेरांतच साठलेले आहे. 'मी' चा 'आम्ही' हा एका शब्दाचा फेर. त्यासाठी कामगार स्त्रियांनी एक हिवाळा थंडीपावसात काढला. 'भय नाही' हे एक लहानसे कडवे. ते एका मुलीने पोलिसांच्या विजेरीच्या उजेडात जुळविले. ठेका संथ झाला तो तुरुंगाच्या वाटेवर चालणाऱ्या विद्यार्थ्यांच्या पावलांबरोबर. यांपैकी कशाचीच मालकी न्यायालयात सिद्ध होण्याजोगी नव्हती, आणि ती कोणी मागितलीही नाही. त्यांनी गीत वापरले, आपल्या गरजेपुरते दुरुस्त केले आणि पुढच्याच्या हाती दिले.

आता ते शाळेतल्या मुलांच्या हाती आहे. मुलांनी ते म्हणू नये असे कोण म्हणेल? जमिला जोन्सही शाळकरी वयाचीच होती. मात्र गीत शिकविताना चाल व शब्द यांबरोबर त्या अंधाऱ्या खोलीची हकीकतही मुलांस सांगितली, तर पुढे कधी अन्यायाचा प्रसंग समोर आला असता त्यांना ते आठवेल, आणि मात कशावर करावयाची हे त्यांचे त्यांना कळेल. कदाचित त्यांतील एखादी मुलगी त्यात आपले एक कडवेही घालील. गीताचे खरे धनी आजवर असेच होत आले आहेत.